घोड्याच्या आयाळीची वेणी घालतात, विणतात की गुंफतात?

अबोली, म्हापसा:
नमस्कार मंडळी. आमच्या गावाजवळ घोडेस्वारी शिकवतात. तिथल्या मुलांसाठी मराठी माहितीपत्रक लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलंय. स्पर्धेच्या दिवशी घोड्याच्या आयाळीच्या बारीक बारीक वेण्या कशा बांधायच्या आणि घोडा रिंगणात उतरेपर्यंत त्या विस्कटू कशा द्यायच्या नाहीत, हा विषय. शिकवणारे इंग्रजीतून सांगतात, मुलं आपसात कोकणी बोलतात आणि घरच्यांना मराठी वाचायची सवय. जुन्या मसुद्यात कोणी ‘अश्वकेशगुंफन’ लिहून ठेवलं होतं, ते आधी खोडलं. आता त्या जागी काय घालू? आयाळ विणली, गुंफली, की तिची वेणी घातली? शिवाय प्रत्येक वेणी वर गुंडाळून तिचा छोटा गोळा करतात, त्याला काय म्हणायचं? आणि कपाळावर येणाऱ्या केसांना?

सत्तरीकर:
‘अश्वकेशगुंफन’ खोडलंत ते बरं केलंत. विणणे नको. स्वेटर, चटई, बाज, माडाच्या झावळ्या हे सगळं विणतात आणि विणलेली वस्तू तशीच राहावी अशी अपेक्षा असते. ही तर संध्याकाळी सोडायची. गुंफणे फुलांना आणि फार तर कवितेच्या ओळींना. केसांसाठी मराठीत वेणी घालणे हे सरळ क्रियापद आहे, तेच घोड्याला लावा. ‘बायकांचा शब्द घोड्याला कसा’ असा प्रश्न कोणी काढील. तो ऐकून सोडून द्यावा.

आयाळ मात्र स्त्रीलिंगीच ठेवा. हल्ली ‘आयाळ लांब असतो’ असंही वाचायला मिळतं. शब्द मुळात बाहेरचा: फारसीत घोड्याच्या मानेवरच्या केसांना ‘याल’ म्हणतात. लगाम, रिकीब, जीन, तंग, खोगीर, नाल ही सगळी मंडळी फारसी-अरबीकडचीच. अरबस्तान आणि इराणकडचे घोडे जहाजांतून गोव्याच्या बंदरात उतरत आणि घाट चढून विजयनगरला जात. त्या व्यापाराला इतकी किंमत होती की 1547 च्या तहात पोर्तुगीजांनी विजयनगरला घोडे पुरवण्याची हमी मोठं कलम म्हणून घातली. म्हणून हे शब्दही इथल्याच धक्क्यावर उतरले असं समजू नये. ते मराठीत आले दख्खनच्या सुलतानी अमलातल्या दरबारी फारसीतून.

मडगावची मावशी:
वेणी घालणे बरोबर, पण गोव्यात जरा जपून. आपल्याकडे वेणी म्हटलं की निम्म्या बायकांच्या डोळ्यांपुढे अबोलीची फुलं येतात, केस नव्हेत. ‘घोड्याला वेणी घातली’ असं लिहिलंत तर वाचणारी म्हणेल, शिगम्यात घोडा नटवतात तशी फुलं बांधली असतील. पुढचं वाक्य ‘वेणी घट्ट बसवा’ असेल तर ती फुलंच घट्ट बसवील!

हा अर्थाचा घोळ नुसता गमतीचा नाही. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) प्रकाराच्या नियमांत आयाळीला किंवा शेपटीला फुलं, फिती असं काही बाहेरचं लावायला सक्त मनाई आहे. आयाळीच्या साध्या वेण्यांना मात्र परवानगी आहे. म्हणजे एका वेणीला बंदी आणि दुसरीला मुभा. माझ्या मते गाठ विभक्तीत आहे. ‘घोड्याला वेणी’ म्हटलं की फुलं, ‘आयाळीच्या वेण्या’ म्हटलं की केस. आयाळ शब्द पुढे ठेवा, षष्ठी वापरा आणि अनेकवचन करा. फुलांसाठी ‘माळणे’ आहेच आपल्याकडे, कोकणीत तर ‘माळप’ रोजचंच.

अबोली, म्हापसा:
मावशी, षष्ठीचा मुद्दा पटला. आणखी एक अडचण. मुलं कोकणीत ‘गुंथप’ म्हणतात. मी ‘गुंतवा’ लिहिलं तर चालेल?

मडगावची मावशी:
नको गो बाय. कोकणीत गुंथलेलं म्हणजे ओवलेलं, नीट बांधलेलं. मराठीत गुंतलेलं म्हणजे जटा झालेलं. ‘आयाळ गुंतवा’ वाचून एखादं पोर खरोखरच गुंतवून ठेवील.

पागेकर, फोंडा:
मी घोड्यांत बरीच वर्षं काढली, पुण्याकडे आणि नंतर इथे. प्रत्यक्ष काम डोळ्यांपुढे ठेवलं तर शब्द आपोआप सापडतात, म्हणून क्रमाने सांगतो.

घोडा घासण्याला खरारा करणे म्हणतात, पण खरारा अंगाला. आयाळीला विंचरणे. वेण्या घालायच्या तर आयाळ साधारण चार-पाच इंच, म्हणजे दहा-बारा सेंटीमीटर हवी आणि फार दाट नको. त्यासाठी खालचे लांब केस थोडे थोडे करून उपटतात, कात्रीने सरळ कापत नाहीत. कापलं की कड जाड होते आणि वेणीतून काड्यांसारखी टोकं बाहेर येतात. या कामाला मी ‘आयाळ विरळणे’ म्हणतो. भाजीचा वाफा विरळतो तोच शब्द, शेतातल्या माणसाला लगेच कळतो. हे काम स्पर्धेच्या आदल्या दिवशी काढू नये. थोडं थोडं करत बरेच दिवस आधी उरकावं, नाहीतर मान दुखून घोडा हात लावू देत नाही.

स्पर्धेच्या तोंडावर आयाळ साबणाने धुऊ नये, हे मुलांना मोठ्या अक्षरांत सांगा. नुकतेच धुतलेले केस सुळसुळीत होतात, पेड धरत नाहीत. नुसता ओला स्पंज फिरवायचा. मग फणीच्या रुंदीचे सारखे भाग पाडायचे, प्रत्येक भागाचे तीन पेड करायचे आणि सुरुवातीचे दोन-तीन वेढे मानेलगत घट्ट घ्यायचे. वेणी सैल पडते ती नेहमी मुळाशी, टोकाशी नव्हे. अर्ध्यावर आल्यावर आयाळीच्या रंगाचा दोरा पेडांत घ्यायचा, टोकाला गाठ मारायची, सुईने तोच दोरा वेणीच्या मुळातून वर काढायचा आणि वेणी गुंडाळून टाके घालायचे. रबरानेही होतं आणि लवकर होतं, पण रबर काढताना केस तुटतात. अमेरिकेत लोकरीचा धागा वापरतात. तिथे स्पर्धेतल्या शिकारी घोड्यांच्या (‘हंटर’) वर्गात चपट्या, अगदी बारीक वेण्या घालतात, तीस-चाळीसपर्यंत, आणि मानेच्या उजव्या बाजूला. ब्रिटिश पद्धतीत गोळे करतात, संख्या कमी. मानेवर विषम आणि कपाळावरची एक धरून सम, असा जुना संकेत.

संख्येत लबाडी असते बरं. मान आखूड असेल तर वेण्या लहान आणि जास्त घालायच्या, मान लांब दिसते. बारीक मानेला गोळे जरा वर, मानेच्या धारेवर बसवले तर मान भरल्यासारखी वाटते. परीक्षकांनाही हे माहीत असतं, तरी सगळे करतात.

सत्तरीकर:
पागेकर बाब, छान. वेणीला बांधायच्या दोऱ्याला मराठीत ‘आगवळ’ असा खास शब्द होता. तो इथे बसतो. मुलांना कळणार नाही म्हणून मुख्य मजकुरात ‘दोरा’ राहू दे, पण एकदा तरी वापरा.

त्या गोळ्याला ‘अंबाडा’ म्हणावं असं मला वाटत होतं, पण अंबाडा एक असतो, डोक्यामागे आणि मोठा. मानेवर पंधरा अंबाडे म्हटलं की हसू येतं. खोपाही एकच. ‘गुंडी’ बरा. अंगरख्याला एकापुढे एक गुंड्या असतात, ते चित्र बरोबर उभं राहतं.

पागेकर, फोंडा:
गुंडी चांगला. इथली पोरं ‘बुतांव’ म्हणतील, म्हणू देत. पोर्तुगीजांचा बोतांव कोकणीत मुरला तो मुरला.

कपाळावरच्या केसांना आम्ही झुलपं म्हणायचो. माणसांच्या कपाळावर, कानशिलावर रुळणाऱ्या केसांनाही तोच शब्द. कोशात घोड्यासाठी वेगळं काही सापडलं तर कळवा, पण मुलांना झुलपं लगेच कळतील.

अबोली, म्हापसा:
झुलपं घेतली. आणि लांब आयाळीच्या घोड्यांचं काय? तिथल्या एका घोड्याची आयाळ खांद्याच्या खाली येते. मालक ती कापू देत नाहीत.

पागेकर, फोंडा:
तिथे गुंड्या करायच्याच नाहीत. कानामागून सुरुवात करून मानेच्या कडेने एकच वेणी खांद्यापर्यंत न्यायची, प्रत्येक वेढ्याला आयाळीतले नवे केस आत घेत. पोर्तुगालचे लुसितानो, स्पेनचे अँदालुसियन अशा लांब आयाळीच्या घोड्यांना असंच करतात. अरबी घोडे त्यांच्या स्वतःच्या प्रदर्शनांत मोकळ्या आयाळीनेच उभे करतात, तिथे वेणी घातलीत तर बाहेरच. सारंगखेड्याच्या बाजारातले मारवाडी-काठेवाडी घोडे पाहिलेत का? त्यांचा साज वेगळाच, तिथे हे नियम नाहीत.

मडगावची मावशी:
अहो, मग ती सागरवेणीच झाली! शाळेत जाताना आई घालायची. कडेकडेने केस आत घेत खाली यायचं. त्याला नवा शब्द कशाला शोधायचा?

सत्तरीकर:
सागरवेणी. मंजूर. संपूर्ण कामाला ‘वेणीफणी’ म्हटलं तर? ‘स्पर्धेच्या दिवशीची घोड्याची वेणीफणी’.

अबोली, म्हापसा:
शीर्षकासाठी मी हेच घेणार होते, पण शिकवणाऱ्यांपैकी एकांना ते थट्टेचं वाटलं.

सत्तरीकर:
वाटू दे. मुलं वाचतील ते शीर्षक पाहून, ‘आयाळ व्यवस्थापन’ पाहून नव्हे.

पागेकर, फोंडा:
नीट ठेवण्याबद्दल राहिलंच. माझ्या मते पत्रकातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. मराठीत ‘चापूनचोपून’ हा यासाठी नेमका शब्द आहे, पण मुलं त्याचा अर्थ ‘जीव जाईस्तोवर ओढून’ असा घेतात. मुळाशी फार ताण आला की घोडा मान झटकतो, खाली घालत नाही, आणि संधी मिळाली की खांबाला मान घासून तासाभराची मेहनत पाच मिनिटांत उधळतो. म्हणून ‘घट्ट’ आणि ‘ताणलेली’ यांत फरक करा. वेढे घट्ट, कातडी मोकळी. वेणीच्या मुळाशी कातडी वर उचललेली दिसली तर ती सोडून परत घालायची.

शक्य तर वेण्या त्याच दिवशी पहाटे घालाव्यात. आदल्या रात्री घालणं भागच असेल तर मानेवर ताणणाऱ्या कापडाची टोपी चढवतात, तिने घासणं कमी होतं आणि गवताच्या काड्या अडकत नाहीत. पण आपल्या हवेत, दमट आणि घामाच्या, ओल्या वेण्यांवर रात्रभर टोपी म्हणजे खाजेला आमंत्रण. केस सुकलेले असतील तरच टोपी. सुटलेल्या बारीक केसांना जेलचा हात फिरवावा, कात्री लावू नये. कापलेले बारीक केस पुढच्या महिन्यात ताठ उभे राहतात.

स्पर्धा संपली की त्याच दिवशी सोडायच्या. आणि आयाळ माशा हाकलायला असते, हेही लिहा. पावसाळ्यात ती विरळताना जरा हात आखडता घ्यावा.

अबोली, म्हापसा:
हा पत्रकातला उतारा. पाहून सांगा: ‘आयाळीच्या वेण्या घालण्याआधी आयाळ ओल्या स्पंजने दाबून घ्या. फणीच्या रुंदीचे भाग पाडा. तीन पेडांची वेणी घाला, मुळाशी वेढे घट्ट असू द्या, पण कातडी ओढू नका. दोऱ्याने (याला आगवळ म्हणत) वेणी वर बांधून गुंडी करा. झुलपांची वेणी शेवटी. स्पर्धेनंतर वेण्या त्याच दिवशी उसवा.’

मडगावची मावशी:
शेवटचं वाक्य तेवढं बदल. उसवतात ती शिवण. टाके दोऱ्याचे आहेत, तेव्हा दोरा उसवायचा आणि वेणी सोडायची. ‘आधी दोरा जपून उसवा, केस कापू नका, मग वेण्या सोडून विंचरा.’

पागेकर, फोंडा:
आणि दोरा उसवायला कात्री देऊ नका मुलांच्या हातात. शिंपी टाके उसवायला वापरतात ती छोटी आकडी द्या.