सरळ सहा म्हणजे परवडत नाही म्हणून? मुळीच नाही

मिशिगनवासी
काल इथे एकाने लिहिलं, जुन्या अमेरिकन ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीत, एका रांगेत सहा सिलिंडरचं इंजिन (सरळ सहा, म्हणजेच सिक्स) लावायचे ते चार-चारच्या दोन रांगांचं व्ही-आठ न परवडणारे लोक. डोकं फिरलं वाचून.

१९६२ नंतरच्या शेव्हरोले सिक्सचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, कधी हातात घेतलंय? सिलिंडर सहा, हवा आत घेणाऱ्या वाटा (इनटेक पोर्ट) तीन. दोन सिलिंडर एकाच वाटेने श्वास घेणार, आणि वाटेच्या मधोमध हेडबोल्टचा खांब उभा. तो कापायचा, पोर्टच्या तळाला उंचवटा बसवायचा, म्हणजे झालं लम्प पोर्ट. त्याच्याही आधी रेसिंगचे भाग बनवणाऱ्या वेन हॉर्निंगने जुन्या शेव्हरोले-जीएमसी सिक्ससाठी चक्क बारा पोर्टचं हेड ओतलं, प्रत्येक सिलिंडरला आत-बाहेरची स्वतंत्र वाट. फौजी ट्रकमधलं जीएमसी ३०२ (असे आकडे म्हणजे इंजिनाचे घन इंच), सिलिंडरचा व्यास ४ इंच, पिस्टनची धाव ४ इंच, त्याच्यावर हे हेड चढवून लोक पळवत होते. पैसे वाचवणारा माणूस नवीन हेड ओतत बसत नाही.

माझ्या शेजाऱ्याच्या शेव्हरोले नोव्हात २९२ सिक्स आहे. गेले तीन उन्हाळे मी त्याच्यासोबत पिटमध्ये उभा असतो. त्या सहांचा एकसंध आवाज ऐका, मग बोला.

नाशिकचा व्ही-आठ
आवाजाने ४०२ मीटर कापले जात नाहीत. १९५५ मध्ये शेव्हरोलेचा २६५ व्ही-आठ आला तो त्यांच्याच सिक्सपेक्षा हलका होता. पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, म्हणजे क्रँक, आखूड, बॉनेटखाली जागा कमी लागते. सरळ सहाचा लांब क्रँक जास्त आरपीएमला पिळवटतो, हे तुम्हीही जाणता. आणि जिंकायचे कसे? हँडिकॅप घेऊन, आधी सुटून.

मिशिगनवासी
क्रँक पिळवटतो, मान्य. ती थरथर शोषणारा बॅलन्सर चांगला नसेल तर पिटमध्ये तुकडे गोळा करावे लागतात. पण क्रँक पेलणारी मेन बेअरिंग तुमच्या व्ही-आठला पाच, १९६२ नंतरच्या या सिक्सला सात, तेही लिहा की. हँडिकॅप तर सगळ्यांनाच. प्रत्येक क्लासचा ठरलेला वेळ असतो, कमी वेगाची गाडी आधी सुटते. तो नियम आहे, भीक नाही.

सांगलीचा मिस्त्री
तुमचं पोर्ट-क्रँक चालू द्या. माझं दुखणं वेगळं आहे. चांगला सिक्स उपटून व्ही-आठ बसवणारे तिकडे, आणि डिझेल बसवणारे आपल्याकडे. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला शेव्हरोले जुळवल्या. आमच्या आजोबांकडे त्यातली एक होती. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं, चुलत्यांनी सिक्स काढून पर्किन्स डिझेल टाकलं. गाडी ट्रॅक्टरसारखी धडधडायला लागली. आजोबा पुन्हा तिच्यात बसले नाहीत.

कोल्हापूरकर
मिस्त्री, हे बोलणं सोपं आहे. माझ्या वडिलांनीही डिझेल टाकलं आणि अकरा वर्षं वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेऊन प्रवासी वाहतूक, चालवलं. तीन बहिणींची लग्नं त्या धडधडीवर झाली. डिझेल नसतं तर गाडी त्याच वर्षी भंगारात गेली असती. पेट्रोलला कोण पैसे देणार होतं, तुम्ही?

सांगलीचा मिस्त्री
वडापला विरोध नाही हो. इंजिन फेकून दिलं त्याला आहे. ताडपत्री घालून ठेवता आलं असतं.

कोल्हापूरकर
आमच्या दोन खोल्यांत आम्ही सातजण. इंजिन कुठे ठेवायचं, चुलीपाशी?

नाशिकचा व्ही-आठ
विषय ड्रॅग रेसिंगचा होता.

मिशिगनवासी
असू द्या, हाही त्याच इंजिनाचा विषय आहे. कोल्हापूरकर, तुमच्या वडिलांना मी नावं ठेवणार नाही. पण मिस्त्री, तुमचं सिक्स गेलं कुठे?

सांगलीचा मिस्त्री
गोठ्यामागे पडलंय. परवा भंगारवाला किलोवर मागत होता.

नाशिकचा व्ही-आठ
बारा पोर्टचं हेड ही गरिबाची हौस नव्हे, एवढं मागे घेतो. हँडिकॅपचं नाही. आणि मिस्त्री, ते २१६ असेल तर रेसचं विसरा. त्याच्या कनेक्टिंग रॉडला चमचे असतात, तेल उडवून बेअरिंगला पोचवतात. जोरात फिरवलं की बेअरिंगचा मऊ धातू, बॅबिट, वितळतो.

मिशिगनवासी
रेसला नको, पण विकू नका. इंजिनाच्या ब्लॉकवर ओततानाच उमटवलेला कास्टिंग नंबर वायर ब्रशने साफ करून फोटो टाका. आजच.