मदत हवी आहे: हाताने कोरलेला लाकडी लुअर पाण्यात आडवा पडतो

मंडळी, नमस्कार. मी नाशिकचा. गळ टाकायचा नाद जुना आहे, लुअर (गळाला लावायचा खोटा मासा) कोरायचा नवा. धरणाच्या बॅकवॉटरला बुडालेल्या बाभळी इतक्या की दुकानातले महागडे लुअर त्यांनाच जास्त लागतात, मरळ माशाला कमी. शिवाय आपण तासलेल्या लाकडाला मासा लागावा ही हौसही आहेच.

सध्याचा नमुना असा: लांबी ८ सेंमी, जाडी २ सेंमी, अंग गोल, दोन्हीकडे निमुळतं. लाकूड सागवानी, फर्निचरवाल्याकडची कापटी. हत्यारं म्हणजे हॅक्सॉ, बारीक पटाशी, अर्धगोल कानस आणि पॉलिश पेपर. पोटाला भोक पाडून शिसं भरलंय, पुढे साइनबोर्डवाल्याकडच्या ॲक्रिलिकची लिप (नाकाखालची पट्टी), खाली दोन ट्रेबल (तीन टोकांचे) हुक.

तरंगतो, पण कुशीवर. ओढला की डोलण्याऐवजी स्वतःभोवती गरागरा फिरतो आणि दोऱ्याला पीळ बसतो. वर तासाभरात रंगाला फोड येतात.

फिनलंडच्या लॉरी रापालाने १९३६ मध्ये चांभारी सुरीने बूच तासून पहिला लुअर केला. वरून चॉकलेटची चांदी, आणि लेप म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लावल्या. त्याच्याकडे निदान बूच होतं! बाल्सा हे अगदी हलकं लाकूड ऑनलाइन मिळतं, पण नवशिक्याने त्यात पैसे घालावेत का? इथल्या वखारीत काय मागू? आणि आधी काय बदलू: लाकूड, शिसं की लिप?

प्रतिसाद – गोदाकाठचा_गळकरी

लाकूड. गणित करून बघा. तुमच्या मापाच्या अंगाचं घनफळ सोळा-सतरा घनसेंटीमीटर भरेल. साग घनसेंटीमीटरला साधारण ०.६५ ग्रॅम, म्हणजे नुसतं अंगच ११ ग्रॅमच्या आसपास. तरंगायचं तर हुक, रिंगा, तार आणि शिसं मिळून जेमतेम सहा ग्रॅमची मुभा उरते. शिसं पुरेसं घालायला जागाच नाही. शिवाय साग तेलकट, रंग धरत नाही.

वखारीत शिवण मागा. हलकं, सरळ रेषेचं, पटाशीखाली लोण्यासारखं. त्याहून हलका पांगारा. सावंतवाडीची खेळणी पूर्वी त्याचीच व्हायची. वखारीत तो क्वचित दिसेल, खेड्यात कुंपणाला असतो. तोडलेली फांदी सावलीत पूर्ण वाळू द्या. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींकडे भंगारात पॅलेटचं पाइनही मिळतं, पण गाठी टाळून तुकडा निवडा. बाल्सा सुरुवातीला नकोच. दाबलं की खड्डा, आणि मरळीचे दात तुम्हाला माहीत आहेत.

प्रतिसाद – पटाशीवाला

लाकूड बदला, पण कुशीवर पडण्याचं कारण तेवढंच नाही. गोल अंगाला वर-खाली कळतच नाही. कुठलीही बाजू वर आली तरी त्याला सारखंच. त्याला पोट आहे हे फक्त शिसं सांगतं. म्हणून शिसं किती यापेक्षा किती खाली आहे हे महत्त्वाचं. भोक खोल पाडून शिसं मध्यापर्यंत गेलं असेल तर ते असून नसल्यासारखं. उथळ भोक, कातडीलगत शिसं, वरून लाकडाचा भुसा आणि अरल्डाइट. जागा पुढच्या हुकच्या जरा मागे.

दुसरं, क्रम. ठोकळा चौकोनी असतानाच मध्यरेषा चारी बाजूंनी आखा, लिपची खाच तेव्हाच कापा, भोकंही तेव्हाच पाडा. अंग गोल झाल्यावर काटकोन धरायला काही उरत नाही. खाच केसभर तिरकी गेली तरी लुअर फिरणारच. मग कडा मोडून आठकोनी करा आणि शेवटी गोल. लाकडाची रेषा (तंतू) नाकापासून शेपटीकडे.

प्रतिसाद – धागाकर्ता

शिसं खरंच मध्यापर्यंत आहे. मग चपटं अंग केलं तर सोपं जाईल का?

प्रतिसाद – पटाशीवाला

उलट. उंच चपटी फळी पाण्यात आडवीच झोपते, तिला उभं करायला शिसं जास्त लागतं. पण उभी राहिली की डोलते झकास. आधी गोलच जमवा.

प्रतिसाद – जुनी_सीडी

ॲक्रिलिक दगडावर आपटलं की तुकडा उडतो. घरातली जुनी सीडी काढा, ती पॉलिकार्बोनेटची असते, १.२ मिमी जाड. चकाकी चिकटपट्टीने उपटायची, गरम पाण्यात धरून कात्रीने कापायची. लिप जितकी उभी तितका लुअर वरवर चालतो. अंगाच्या रेषेत पुढे काढली तर खोल जातो. बाभळीत खोल कशाला?

फोड येतात ते पाणी लाकडात शिरतं म्हणून. चपडा (लाख) स्पिरिटमध्ये विरघळवून रंगाआधी दोन-तीन हात द्या, आणि प्रत्येक भोकाच्या आतही. पाणी तिथूनच शिरतं. रंगावरचा इपॉक्सीचा (अरल्डाइटच्या जातीचा) लेप सुकेपर्यंत लुअर फिरवत राहा, नाहीतर सगळं पोटाशी ओघळून गोळा होतं. बिघडलेल्या मायक्रोवेव्हच्या ताटलीची मोटर या कामाला नामी, पण ती २३० व्होल्टवर चालणारी आहे का ते बघून घ्या.

प्रतिसाद – गोदाकाठचा_गळकरी

थोडं विषयांतर. पाणवेलीत लिपवाला लुअर नेऊ नका, तिथे रबरी बेडूकच बरा. धरणातल्या मासेमारीचा ठेका ज्या सोसायटीकडे असेल तिला विचारून बसा. नांदूरमध्यमेश्वरला गळ नेऊच नका, अभयारण्य आहे. आणि पावसाळ्यात पिलांचा लाल थवा दिसला तर तिथे टाकू नका. खाली मरळ राखणीला असते, ती चिडून लुअरवर येते आणि मागे पिलं उघडी पडतात.

प्रतिसाद – धागाकर्ता

पटलं. शिवणीचा तुकडा बघतो. एक राहिलं: ट्रेबलऐवजी सिंगल हुक लावले तर शिसं बदलावं लागेल?

प्रतिसाद – पटाशीवाला

हो. ट्रेबलचं वजन पोटाखाली लोंबतं, तेही शिशाचंच काम करतं. म्हणून लेप देण्याआधी जे हुक वापरणार तेच लावून बादलीत सोडा. पाठ वर आली की मगच भोक बुजवा. नंतर पाण्यात ओढताना तुमच्या डावीकडे पळाला तर लुअरचं नाक तुमच्याकडे धरून नाकाचा डोळा (दोरा बांधायची कडी) पक्कडीने किंचित तुमच्या उजवीकडे वळवा. किंचितच, दिसेल न दिसेल एवढा.