सर्वनाश इच्छिणारा खलनायक: लॉफुल की केऑटिक?

गंगापूररोडकर
आम्ही काही मित्र रविवारी कॉलेज रोडला जमून डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा कथाखेळ खेळतो. त्यात पात्राचा नैतिक कल (अलाइनमेंट) ठरवतात: नियमाने चालणारे ते लॉफुल, नियम न मानणारे ते केऑटिक, आणि दुष्ट ते ईव्हिल. नव्या मोहिमेसाठी, खेळ चालवणारा (डीएम) म्हणून, मी पंचवटीच्या धर्तीवर एक तीर्थक्षेत्र रचले आहे आणि तेथील मठाधिपती हा खलनायक आहे. जन्म हेच दुःखाचे मूळ असल्याने सृष्टीच उरू नये, अशी त्याची धारणा आहे. मात्र तो दिलेला शब्द मोडत नाही. सगळेच संपवायला निघालेला माणूस केऑटिक ईव्हिलच असणार, कारण शेवटी नियम पाळायला तरी कोण उरणार, असे गटातील बहुतेकांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

जुना डीएम
आपल्या मित्रांनी हेतू आणि वर्तन यांची गल्लत केली आहे. 1974 च्या मूळ खेळात लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस एवढेच होते. चांगल्या-वाईटाचा दुसरा अक्ष नंतर आला. म्हणून हे दोन प्रश्न वेगळेच ठेवावेत. महाभारतातला राजा जनमेजय खलनायक नव्हे, तरीही त्याचे सर्पसत्र पाहा: तक्षकाच्या दंशाने वडील गेले म्हणून समस्त सर्पकुळ जाळण्याचा तो संकल्प, पण ऋत्विज, मंत्र, आहुती असा सगळा विधिपूर्वक मामला. तो थांबला तोही शस्त्राने नाही, तर आस्तीकाला वर देऊ केल्यामुळे राजा शब्दात अडकला म्हणून. खलनायक लॉफुल आहे का, हे त्याला काय अडवू शकते यावरून ठरवावे. अश्वत्थाम्याला कृपाचार्यांचा उपदेशही अडवू शकला नाही; त्याने रात्री झोपलेल्यांना मारले आणि पुढे अस्त्र गर्भांवर वळवले.

द्वारका सर्कल
कसोटी मान्य आहे, पण ती शेवटपर्यंत लावा. 2018 च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’ चित्रपटातला खलनायक थॅनॉस गरीब-श्रीमंत असा भेद न करता निम्मे जीव संपवतो आणि त्यालाच न्याय म्हणतो. 2019 च्या पुढच्या चित्रपटात, वाचलेले लोक गेलेल्यांना विसरत नाहीत हे कळताच, तो अख्खे विश्व नष्ट करून कृतज्ञ राहील असे नवे घडवायला निघतो. नियम गैरसोयीचा झाल्याबरोबर त्याने तो बदलला. मग तो कसला लॉफुल? शिवाय आपला मठाधिपती करुणेने प्रेरित असला, तरी ज्यांना संपवायचे त्यांना विचारणार नसेल तर ईव्हिल हा शिक्का सुटत नाही.

पेठ रोड
थोडे अवांतर. पुराचे पाणी नाशिकच्या गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढले ते आपण पाहतो, पण गोदावरीला दुष्ट म्हणत नाही. या खेळाच्या 2014 च्या आवृत्तीत नैतिक निवडीची क्षमता नसलेल्या जीवांना अलाइनमेंटच दिलेली नाही. प्रलयही त्याच खात्यात जावा. मठाधिपती मात्र निवड करतो.

गंगापूररोडकर
सर्वांचे आभार. लॉफुल ईव्हिल निश्चित केले आहे. शेवटच्या विधीच्या वेळी तो दारी आलेल्या कोणाही याचकाला एक वर देण्यास बांधलेला असेल. खेळाडूंपैकी कोणी हा धागा वाचत असल्यास कृपया ही गोष्ट गटात फोडू नये.