शब्दचर्चा : लाल रानकोंबडी की चकोत्री?

वाळपईहून विचारणा : गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात रस्त्याकडेच्या झुडपांतून एक तांबूस, तुरा नसलेलं पाखरू पळताना दिसतं. घरात कोणी त्याला रानकोंबी म्हणतं, कोणी 'लाल रानकोंबडी'. मुलीला शाळेच्या प्रकल्पात मराठी नाव लिहायचंय. पुस्तकात 'चकोत्री' सापडलं. म्हणजे चकोरच का?

डिचोली : चकोत्रीच लिहा ताई. चकोर वेगळा, तो हिमालयातल्या उघड्या, खडकाळ उतारांवरचा. चांदण्यावर जगणारा म्हणून कवितेत शिरला आणि आपण तो गोव्यातही शोधू लागलो. ज्ञानेश्वरीतले 'चकोरतलगे' म्हणजे त्याची पिल्लं. अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबडीला आपण तलंग म्हणतो, तो शब्द याच्याच नात्यातला असावा. असो.

'लाल रानकोंबडी' मात्र नको. लाल रानकोंबडा नावाचा पक्षी खरोखरच आहे, गावठी कोंबड्याचा पूर्वज. पण तो उत्तर आणि पूर्व भारतातल्या रानांतला. आपल्याकडे मोले, बोंडला, नेत्रावळीच्या अभयारण्यांत आरवतो तो राखी रानकोंबडा. त्याचं शास्त्रीय नाव 'गॅलस सोनेराती'. त्यात सोनं शोधू नका, सोनेरा हा फ्रेंच निसर्ग-अभ्यासक होता. तरी नराच्या मानेवरच्या पिसांना मेणासारखे पांढरे-पिवळे थेंब असतात, त्यामुळे तसं वाटलं तर दोष कुणाचा नाही. या पिसांना मासेमारीच्या गळांसाठी परदेशात मोठी मागणी होती. आपल्या परसातली कोंबडीही या राखीचं थोडं देणं लागते : तिच्या कातडीचा पिवळेपणा त्याच्याकडून आला, असं 2008 मधल्या जनुकीय अभ्यासात दिसलं.

पेडणे : पण आमच्या आजोबांच्या तोंडी दोन्हींना रानकोंबीच होतं. शिकाऱ्याला पातेल्यात दोन्ही सारखीच. लोकांच्या तोंडचा शब्द चुकीचा कसा ठरवायचा?

डिचोली : चुकीचा नाही, ढोबळ आहे. शिकारीला 1972 च्या कायद्याने बंदी आली, आता पातेल्यातला न्याय कशाला? शिवाय गोंधळ का होतो तेही पाहा. रानकोंबड्याचा नर सत्तर-ऐंशी सेंटिमीटरचा, शेपटीची कमान, डोक्यावर तुरा. त्याला कोणी चकोत्री म्हणणार नाही. घोटाळा मादीपाशी. ती जेमतेम अडतीस सेंटिमीटर आणि चकोत्री छत्तीस. झाडोऱ्यातून पळताना दोन्ही तपकिरीच.

थांबून पाहिलंत तर रानकोंबडीच्या छातीवर पांढरी पिसं आणि प्रत्येक पिसाला काळी कड, जणू माशाचे खवले. पाय पिवळसर. चकोत्रीचे पाय लालभडक, डोळ्याभोवती उघडी लाल कातडी. आणि पायामागचे काटे : रानकोंबड्याच्या नराला एका पायाला एकच काटा. चकोत्रीच्या नराला दोन ते चार, मादीलाही एखाददुसरा. चकोत्रीच्या शास्त्रीय नावातला 'गॅलोपर्डिक्स' म्हणजे कोंबडा आणि तित्तिर यांची जोड. बाकी कुळ एकच, म्हणून तुमच्या आजोबांचं अगदीच चुकलं नव्हतं.

फोंडा : आवाजावरून सांगायचं तर रानकोंबडा 'कुक्-काया-काया-कुक्' असं आरवतो, म्हणजे बांग सुरू होते तोच संपते. चकोत्रीचा खडखडीत कलकलाट असतो, त्याला 'आरवणे' म्हणवत नाही. रानकोंबडे बांबूचं किंवा कारवीचं बी पडलं की एकाच ठिकाणी बरेच जमतात. चकोत्री जोडीने किंवा चार-पाचजणींच्या टोळीने. पावसाळ्याच्या सुमारास रानकोंबड्याच्या नराची मानेवरची झळाळी गळते, तेव्हा मात्र चांगले जाणकारही दोनदा पाहतात.

वाळपई : आता लिंगाचं सांगा. 'नर चकोत्री पळाला' की 'पळाली'?

डिचोली : 'चकोत्रीचा नर पळाला' असं लिहा, भांडण मिटलं. मैना, घार यांचंही आपण असंच करतो. रानकोंबड्याला ती अडचण नाही, त्याला बायकोचं नाव आयतंच मिळालंय. प्रकल्पात घरचं 'रानकोंबी' हे नाव 'स्थानिक नाव' म्हणून खाली जरूर द्या. आजोबांचा शब्द आहे तो.