मदत हवी आहे: सिलिॲक असताना संभाजीनगरच्या हॉटेलात काय खाता येईल?

पूर्णाकाठ
नमस्कार. येत्या रविवारी छत्रपती संभाजीनगरात आमच्या घरच्या कार्याचे जेवण एका हॉटेलात ठरले आहे आणि ते टाळता येण्यासारखे नाही. सिलिॲक या आजारामुळे गहू पूर्ण बंद आहे. एरवी आम्ही डबा नेतो, परंतु या वेळी सगळ्या पाहुण्यांसमोर डबा उघडायला ती तयार नाही. शोधले की पास्ता, पिझ्झा आणि पाव यांविषयीचेच सल्ले सापडतात. आपल्याकडच्या हॉटेलात आचाऱ्याला नेमके काय विचारायचे, हे कोणी सांगत नाही. शुक्रवारपर्यंत हॉटेलला कळवायचे आहे, म्हणून अनुभव असणाऱ्यांनी कृपया लवकर लिहावे.

मांजराकाठ
यात अवघड काहीच नाही. आपण मराठवाड्यात राहतो, ज्वारीची भाकरी कुठेही मिळते आणि ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे गव्हातले ते प्रथिन, नसते. भाकरी, पिठले, ठेचा आणि दही मागवा. माझ्या मेव्हण्याला गहू सोसत नाही. तो वर्षानुवर्षे धाब्यावर हेच जेवतो आणि त्याला काहीही होत नाही.

निर्मळ_अन्न
आपल्या मेव्हण्यांचे निदान काय आहे? गहू न सोसणे आणि सिलिॲक असणे यांत फार अंतर आहे. सिलिॲकमध्ये ग्लूटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते, आणि पोट दुखले नाही तरी ही हानी होत राहू शकते. त्यामुळे 'काही होत नाही' हा पुरावा धरता येत नाही.
पूर्णाकाठ, आपणही बरेच लिहायचे ठेवले आहे. 'ती' म्हणजे कोण, वय काय, जेवण शाकाहारी आहे का, आणि पंगत आहे की बुफे? बुफे असेल तर सर्व सल्ला बदलतो.

पूर्णाकाठ
माझी मुलगी, दहावीत आहे. आम्ही शाकाहारी आहोत. जेवण बुफे आहे. बुफेने काय बदलते?

निर्मळ_अन्न
बुफेत एकाच डावाने चार भांडी ढवळली जातात आणि पुरीचा, नानचा चुरा भातात पडतो. तिचे ताट स्वयंपाकघरातूनच वाढून, झाकून आले पाहिजे. बुफेच्या टेबलावरचे काहीही, अगदी काकडीचे कापसुद्धा, घेऊ नये.

वेरूळच्या_वाटेवर
संभाजीनगरला येताच आहात तर येथील खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा, चुकवू नका. नान मैद्याचे असते, ते बाजूला ठेवून भाताबरोबर खलिया खाता येईल. बिर्याणीही चालावी, तांदूळच तर आहे.

निर्मळ_अन्न
त्या शाकाहारी आहेत, हे वर लिहिलेले आहे. तरीही इतर वाचकांसाठी सांगतो की दमाच्या बिर्याणीच्या भांड्याचे झाकण अनेक ठिकाणी मळलेल्या कणकेने बंद करतात, आणि ती कणीक फोडताना तिचे तुकडे आत पडतात.

एकादशी
माझा सल्ला एकच आहे: उपवासाची थाळी. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची पुरी. उपवासाला गहू चालत नाही आणि आपल्याकडे उपवासाच्या पदार्थांत हिंगही घालत नाहीत. माझी सून हेच करते.

जालना_रोड_हॉटेलवाला
मी स्वतः हॉटेल चालवतो, म्हणून आतल्या बाजूचे सांगतो.
हिंगाचा मुद्दा आपण योग्य काढलात. बाजारात मिळणारा डबीतला बांधानी हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि पीठ असते, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. वरण, पिठले, शेवभाजी, सांबार यांची फोडणी त्याच हिंगाची असते, आणि उडदाच्या पापडातही हिंग असतो. त्यामुळे 'भाकरी-पिठले मागवा' या सल्ल्यातले पिठलेच संशयास्पद ठरते. हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा. तांदळाचे पीठ लिहिलेले हिंगही मिळतात.
परंतु उपवासाच्या थाळीतला साबुदाणा वडा आणि राजगिऱ्याची पुरी त्याच कढईत तळली जाते, ज्यात सकाळपासून कचोरी, समोसे आणि गव्हाच्या पुऱ्या तळलेल्या असतात. तेल कितीही तापले तरी ग्लूटेन नाहीसे होत नाही. खिचडी मात्र धुतलेल्या स्वतंत्र कढईत केली तर मला सर्वांत भरवशाची वाटते. रविवारी ती करतील का, हे आधी विचारा, कारण अनेक हॉटेले ती उपवासाच्या दिवशीच करतात.
आता भाकरीविषयी. ज्वारी दोषी नाही, आमची परात दोषी आहे. कणीक आणि ज्वारीचे पीठ एकाच परातीत मळले जाते, फुलके आणि भाकरी एकाच तव्यावर भाजतात, आणि भाकरी थापताना तुटू नये म्हणून काही ठिकाणी त्यात थोडी कणीकही मिसळतात. गिऱ्हाइकाला ते कोणी सांगत नाही.

मांजराकाठ
इतकी चिकित्सा केली तर माणूस घराबाहेर पडणारच नाही. भाकरी तुम्ही घरून नेली तरी पीठ गिरणीतूनच येते, आणि तिथे गव्हानंतर ज्वारी दळतात.

जालना_रोड_हॉटेलवाला
हे आपले म्हणणे अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच ज्यांच्या घरी सिलिॲक आहे ते घरघंटी घेऊन ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळतात. सकाळी गिरणीवाल्याकडून पहिले दळण करून घेतले तरी आदल्या रात्रीचा गहू दगडांत असतोच.

एकादशी
मग भाकरीचा हट्ट कशाला? तांदूळ आहे, भगर आहे.

सिद्धनाथ_आयुर्वेद
आतड्याची ताकद वाढवली तर हे सर्व लागणार नाही. जुने खपली गहू थोड्या तुपाबरोबर रोज चिमूटभर देऊन सवय लावावी. आमच्या आजोबांच्या काळी असले आजार नव्हते.

निर्मळ_अन्न
हा सल्ला कृपया कोणीही पाळू नये. खपली हाही गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन असते. या आजारात सवय लागत नाही, रोजच्या चिमटीने हानी वाढत जाते. आजोबांच्या काळी आजार होता, निदान नव्हते: गहू आणि हा आजार यांचा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी 1950 सालच्या आपल्या प्रबंधात मांडला, आणि आजही यावर गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखे धान्य) कायमचे सोडणे एवढाच उपचार आहे. आपल्याकडे 'ग्लूटेनमुक्त' लिहायचे तर मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅमची आहे. एका पोळीत ग्रॅममध्ये ग्लूटेन असते, यावरून चिमटीचा अंदाज यावा.
आणि पूर्णाकाठ, आपण विचारलेले नाही तरी लिहितो: तिच्या सख्ख्या भावंडांची आणि आपणा दोघांचीही टीटीजी ही सिलिॲकसाठीची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि तीही गहू बंद करण्याआधी, कारण गहू सोडल्यावर ती तपासणी फसवी ठरू शकते.

पूर्णाकाठ
तपासण्या सगळ्यांच्या झालेल्या आहेत. मला रविवारचे सांगा. आम्ही येसराची आमटी, मेतकूट, भाजणी हे घरी केव्हाच बंद केले आहे, कारण त्यांत गहू असतो. हॉटेलात भाज्यांच्या रश्शाला दाटपणा कशाने आणतात, आणि हे सारे मी कोणाला विचारू? गल्ल्यावरचा माणूस प्रत्येक प्रश्नाला 'चालेल' म्हणतो.

नियमावली
अन्नपदार्थांच्या लेबलविषयीच्या 2020 च्या नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा 10 अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. आपण ती लेखी मागावी.

जालना_रोड_हॉटेलवाला
ते साखळी हॉटेलांसाठी झाले. एकट्या हॉटेलला त्याने बांधता येत नाही. कागद मागितला की मालक सावध होतो आणि खरे बोलणे बंद करतो. त्यापेक्षा दुपारी चार ते पाचच्या दरम्यान, भट्टी शांत असताना, स्वतः जा किंवा फोनवर थेट मुख्य आचाऱ्याशी बोला. पुष्कळ आचारी बाहेरच्या राज्यांतले असतात, म्हणून मराठी आणि हिंदीत एक चिठ्ठी लिहून द्या: 'गहू, मैदा, रवा, कणीक, जव, हिंग, सोया सॉस आणि तयार मसाला यांपैकी काहीही नको, धुतलेली कढई, नवा डाव आणि ताजे तेल हवे.'
रश्शाचे विचारलेत. आमच्याकडे काजू-कांद्याचे वाटण असते, परंतु घाईत कोणी मैदा लावत नाही याची हमी मी दुसऱ्याच्या स्वयंपाकघराबद्दल देणार नाही. रश्शाच्या भाज्या सोडाच. साधा भात, जिरे आणि हिरव्या मिरचीवर परतलेला बटाटा, दही, शेंगदाण्याची कोरडी चटणी, फळे. हे कोणतेही हॉटेल पंधरा मिनिटांत वेगळे करून देऊ शकते. फक्त गर्दीच्या आधी, साडेअकराला करून झाकून ठेवायला सांगा.

निर्मळ_अन्न
याला माझी पूर्ण सहमती आहे. भर एवढीच, की ताट तुमच्या घरातल्या एकाच मोठ्या माणसाने आतून आणावे आणि प्रेमाने वाढणाऱ्या मावश्या-काकवांना आधीच सांगून ठेवावे. सर्वांत जास्त गहू ताटात त्यांच्या आग्रहानेच येतो.

पूर्णाकाठ
आत्ताच आचाऱ्यांशी बोललो. भले गृहस्थ आहेत. त्यांनी हिंगाची डबी शोधून घटक वाचून दाखवले, त्यात मैदा निघाला. भात, बटाटा आणि खिचडी वेगळ्या कढईत करून साडेअकराला झाकून ठेवतो म्हणाले. भाकरीचा विषय मी काढला नाही. मुलीला ताट हॉटेलचेच येणार हे सांगितल्यावर ती यायला आनंदाने तयार झाली आहे. सर्वांचे मनापासून आभार. जेवणानंतर सगळ्यांना मठ्ठा आहे, तो तिने घ्यायला हरकत नाही ना?

जालना_रोड_हॉटेलवाला
मठ्ठ्याला हिंग लावतात. तिच्यासाठी साधे ताक, आणि तेही वेगळ्या भांड्यातून, आजच सांगून ठेवा.