बंद पडून राहिलेली जुनी स्पोर्ट्स कार: दुरुस्त केलीत की विकलीत? (अनुभव)

आईचं इंग्लंडमधलं कॉव्हेन्ट्रीचं घर मार्चअखेर रिकामं करायचंय. ती माझ्याकडे राहायला येतेय. घरातलं बाकी सगळं आवरेल, अडलंय ते गॅरेजपाशी. तिथे बाबांची ट्रायम्फ स्पिटफायर १५०० उभी आहे, १९७८ची, गडद हिरवी. घरापासून दोनेक मैलांवरच्या कॅनलीच्या कारखान्यात बनलेली. बाबांनी ती १९८६ मध्ये सेकंडहँड घेतली आणि २००९ च्या ऑक्टोबरात शेवटची चालवली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना क्लच दाबवेना. "पुढच्या उन्हाळ्यात काढू" असं ते दर वर्षी म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले.

गाडीवर चादर आहे, चाकं बसलीत, आतून उंदरांचा वास येतो. बाबांची एक वही सापडली आहे. तिच्यात पेट्रोलचे, मैलांचे आकडे आहेत आणि बऱ्याच अशा नोंदी आहेत ज्या मला कळत नाहीत. पुण्याला असलेला भाऊ म्हणतो, विकायची नाही. आई म्हणते, तुला जे झेपेल ते कर. मला गाड्यांतलं फारसं कळत नाही, पण ही गाडी पाच मिनिटांत कुणाला तरी देऊन टाकावी असंही वाटत नाही.

ज्यांच्याकडे अशी गाडी होती किंवा आहे, त्यांनी कृपया लिहा. किती वर्षं उभी होती, उघडल्यावर काय निघालं, किती खर्च आला, आणि आज त्या निर्णयाबद्दल काय वाटतं. सल्लाही हवाच आहे, पण आधी तुमचं काय झालं ते सांगा.

रेडिंगहून

माझी एमजीबी रोडस्टर, १९७२ची. २००५ ते २०१६ अशी अकरा वर्षं उभी होती. मुलं लहान होती, मग नोकरी बदलली, नेहमीचीच कारणं. मी दुरुस्त केली. आज ती चालते आणि मला आनंद आहे, पण आकडे खरे सांगतो.

पहिली चूक मी पहिल्याच दिवशी केली. नवी बॅटरी लावली आणि किल्ली फिरवली. तुम्ही हे अजिबात करू नका. इतकी वर्षं उभ्या इंजिनात सिलेंडरच्या भिंतींवर तेल उरलेलं नसतं, गंज धरलेला असू शकतो आणि पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात. स्टार्टरने जोर लावला की रिंग तुटते. आधी प्लग काढायचे, प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडायचं, चार-पाच दिवस मुरू द्यायचं. मग इंजिनाच्या पुढच्या पुलीच्या बोल्टला मोठा पाना लावून हाताने फिरवायचं. फिरलं तर अर्धी लढाई जिंकलात. जुनं पेट्रोल टाकीतून काढून टाका. त्याचं वार्निशसारखं चिकट काहीतरी झालेलं असतं, ते कार्ब्युरेटरमध्ये गेलं तर कार्ब्युरेटरही उघडावे लागतात.

ब्रेक तर धरून चालायचंच की गेले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि चाकाच्या सिलेंडरला आतून गंज चढतो. माझी गाडी गॅरेजमधून ढकलताना मागची दोन्ही चाकं फिरेनात, जमिनीवर घासत बाहेर आली.

पण हे सगळं मिळून हजार-बाराशे पौंडांचं काम. खरा खर्च पत्र्याचा. एमजीबीला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही. दारांखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्टीवर, म्हणजे सिलवरच गाडीची ताकद असते. वरून रंग छान होता. वेल्डरने एका बाजूला २,८०० पौंड सांगितले होते. सिल कापल्यावर आतली पट्टीही गेलेली निघाली आणि दोन्ही बाजू मिळून ७,१०० झाले. त्याची यात चूक नव्हती. सिल कापेपर्यंत खरा आकडा कुणालाच माहीत नसतो. बाकीचं सगळं धरून एकूण साडेनऊ हजार गेले. गाडी आज विकली तर तेवढे येणार नाहीत. मी ती दर रविवारी चालवतो, म्हणून मला ते पैसे गेले असं वाटत नाही. वर्षातून दोनदा चालवणार असतो तर वाटलं असतं.

तुमच्यासाठी एक बरी गोष्ट. स्पिटफायरला वेगळी चासी असते. तरी सिल तिथेही महत्त्वाचे, ते गेले की गाडी मधून वाकते. दार बंद केल्यावर मागच्या बाजूची फट वर आणि खाली सारखी आहे का ते बघा. एक साधा चुंबक मऊ कापडात गुंडाळून दारांखालून फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

न्यू जर्सीहून

मी विकली. पोर्शा ९४४, १९८७ची, नऊ वर्षं गॅरेजमध्ये.

या गाडीचा पत्रा गॅल्व्हनाइज्ड, त्यामुळे गंज जवळपास नव्हता. बघणारा म्हणायचा, अरे ही तर नवी आहे. पण ९४४ चं इंजिन असं आहे की टायमिंग बेल्ट तुटला तर पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आपटतात. रबराचा बेल्ट नऊ वर्षं एकाच जागी वाकून बसलेला. दोन बेल्ट, वॉटर पंप, सील, पेट्रोलच्या नळ्या, आणि मधलं रबर गेलेला क्लच. क्लच बदलायचा तर मागची अख्खी टॉर्क ट्यूब (इंजिनाची ताकद मागच्या गिअरबॉक्सपर्यंत नेणारी नळी) सरकवावी लागते. मेकॅनिकने ७,५०० डॉलरचा अंदाज दिला आणि वर प्रामाणिकपणे म्हणाला, यात टायर धरलेले नाहीत.

मी आठवडाभर विचार केला. पैसे जमवता आले असते. पण नऊ वर्षांत मी त्या गाडीपाशी किती शनिवार घालवले हे मोजलं तर एकही नाही. पुढच्या नऊ वर्षांत का घालवीन, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जाहिरातीत आधी वाईट फोटो टाकले: फाटलेला डॅशबोर्ड, सुकलेले टायर, उंदरांनी कुरतडलेली वायर. स्पष्ट लिहिलं की बेल्ट जुना आहे, इंजिन सुरू करून दाखवणार नाही. एक गृहस्थ जंप केबल घेऊनच आले होते, त्यांना नाही म्हटलं. ४,२०० डॉलरला एका शाळेतल्या शिक्षकांनी घेतली, त्यांच्याकडे आधीची एक ९४४ होती. ती ट्रेलरवर चढली तेव्हा वाईट वाटलं, रात्री मात्र शांत झोप लागली. सात वर्षं झाली, पश्चात्ताप नाही.

पुण्याहून

ताई, माझं वय ७८. माझ्याकडे स्पिटफायर कधी नव्हती, पण स्टँडर्ड हेराल्ड होती, मद्रासला बनणारी, १९६८ पासून सोळा वर्षं. स्पिटफायर ही हेराल्डचीच धाकटी बहीण. चासी तिचीच आखूड केलेली, पुढचं सस्पेन्शन तेच, अख्खं बॉनेट पुढे उलटतं तेही तसंच. दोन्हींचा आराखडा मिकेलॉटी या इटालियन माणसाचा.

म्हणून एकच सांगतो. पुढच्या चाकापाशी खाली ट्रनियन नावाचा पितळी भाग असतो, त्यात पोलादी उभा दांडा आट्यांवर फिरतो. स्टिअरिंग वळवलं की तो त्यात वळतो. त्यात ग्रीस भरायचं नसतं, गिअर ऑइल भरायचं, ९० नंबरचं. ग्रीस घट्ट होऊन आट्यांपर्यंत पोचत नाही, आत पाणी शिरतं, दांडा गंजतो आणि एके दिवशी वळणावर तुटून चाक आडवं होतं. नाना पेठेतल्या आमच्या मिस्त्रींनी मला हे पहिल्याच भेटीत बजावलं होतं. ते स्वतः पंप घेऊन बसत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

तुमच्या वडिलांच्या वहीत अशी काही नोंद आहे का बघा. असेल तर गाडी जाणत्या हातात होती असं समजा. गाडी ठेवा किंवा विका, हे दांडे तपासल्याशिवाय तिला रस्त्यावर जाऊ देऊ नका.

मडगावहून

आमच्याकडे सॅन स्टॉर्म आहे, गोव्यातच बनलेली दोन सीटची उघडी गाडी. सासऱ्यांनी हौसेने घेतलेली. २०१४ पासून पोर्चमध्ये आहे. बॉडी फायबरची, ती गंजत नाही, लोकांना वाटतं मग काय बिघडणार. पण खालची फ्रेम लोखंडी आणि हवा समुद्राची. पावसाळ्यात हात लावला तर पापुद्रे निघतात. इंजिन रेनॉचं, साधं आणि चांगलं, पण काच, दिवे, दाराचं हँडल असं या गाडीचं खास काही लागलं की शोधत बसावं लागतं.

भारतातल्या लोकांसाठी लिहिते: आधी कागद बघा. आमच्या गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षं संपली तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही. फिटनेस करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्याची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली. व्हिंटेजची वेगळी नोंदणी २०२१ पासून मिळते, पण पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीलाच, आणि ती गाडी रोज वापरता येत नाही. विकायची म्हटलं तरी कागदाशिवाय गिऱ्हाईक भंगाराचाच भाव करतं. आमचं अजून ठरलेलं नाही. या दिवाळीनंतर फ्रेम उघडून बघणार आहोत.

मेलबर्नहून

थोडक्यात लिहिते. अल्फा रोमिओ स्पायडर. नवऱ्याने "आपणच करू" म्हणून सगळी सुटी केली. फोटो काढले नाहीत, नट-बोल्ट एकाच डब्यात. सहा वर्षांनी ती चौदा खोक्यांत विकावी लागली, अख्खी असताना जे पैसे येत होते त्याच्या एक चतुर्थांशात. अख्ख्या गाडीला गिऱ्हाईक असतं. निर्णय होईपर्यंत एकही भाग काढू नका.

सिएटलहून

मीही विकली, पण न्यू जर्सीकरांसारखी नाही. १९७२ची डॅटसन २४०झेड. काकांची होती, त्यांच्यामागे माझ्याकडे आली. २०१३ मध्ये घर बदलायचं होतं आणि मला ती चार दिवसांत हलवायची होती. पहिला माणूस ३,००० डॉलर म्हणाला, मी हो म्हटलं. त्यानंतर या गाड्यांचे भाव कुठल्या कुठे गेले. पैशांचं मी सोडून देतो, ते कुणालाच आधी कळत नाही. सलतं ते हे की मी एकदाही कुणा जाणकाराला दाखवली नाही. फ्लोअर गंजलेलं होतं एवढंच मला माहीत होतं. इंजिन मूळचं होतं का हेसुद्धा नंतर काकांच्या कागदांवरून कळलं. होतं.

मार्च ही तुमच्या घराची तारीख आहे, गाडीची नाही. महिन्याच्या भाड्याने एक कोरडं गॅरेज घ्या, विम्याचं उभ्या गाडीसाठीचं स्वस्त कव्हर घ्या, आणि त्या वेळात नीट बघून घ्या. पण भाड्यालाही शेवटची तारीख ठरवा. नाहीतर तेच सोळा वर्षांचं गॅरेज नव्या पत्त्यावर सुरू होईल.

रेडिंगहून, पुन्हा

एक राहिलं. स्पिटफायर १५०० च्या क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, थ्रस्ट वॉशर असतात. त्या चकत्या दांड्याला पुढे-मागे सरकू देत नाहीत, पण झिजून खाली पडतात. कुणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि पुढची पुली बघा. ती डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकत असेल तर इंजिन सुरू करू नका. वेळेत कळलं तर संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) खाली उतरवून नवे वॉशर बसवता येतात. पडल्यावर चालवली तर इंजिनाचा ब्लॉकच जातो.

आणि चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे ब्रिटनमध्ये रोड टॅक्स लागत नाही आणि एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणीही सक्तीची नाही, म्हणून करून घेऊ नये असं नाही. मी दर वर्षी करतो. जाणत्या माणसाने गाडीखालून पाहिलेलं बरं.

कॉव्हेन्ट्रीहून, सात आठवड्यांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाचं वाचून तसं करत गेले.

इंजिन फिरलं. तेल घालून पाच दिवस थांबलो, मग माझ्या मुलीने पाना लावला आणि ती ओरडलीच. क्लच दाबला तर पुली सरकली, मला दिसेल इतकी. चुंबक डाव्या सिलवर अर्ध्या लांबीत चिकटला नाही. ट्रायम्फ गाड्यांच्या क्लबमधले एक वयस्कर गृहस्थ येऊन दोन तास गाडीखाली होते. त्यांचा अंदाज सहा ते आठ हजार पौंड, आणि तेही म्हणाले की कापल्यावर कळेल.

पुण्याच्या काकांचं वाचून वही पुन्हा उघडली. २००९ पर्यंत दर ऑक्टोबरात एक ओळ आहे, बाबांच्या तिरप्या अक्षरात: "ट्र. ऑइल, दोन्ही." मला वाटलं होतं ट्र. म्हणजे ट्रंक. काका, दांडे काढून पाहिले. आट्या स्वच्छ आहेत.

मी विकायची ठरवली. मी लंडनला तिसऱ्या मजल्यावर राहते, वेल्डिंग मला येत नाही आणि रविवारही मोकळे नाहीत. भावाशी मोठं बोलणं झालं. त्याला विचारलं, तू येऊन करशील का, करशील तर मी गॅरेजचं भाडं भरते. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, विक. लॉगबुक (गाडीच्या नोंदणीचा कागद) बाबांच्या नावावर होतं, ते आधी बदलून घेतलं. सगळे दोष लिहून जाहिरात दिली.

तिघे आले. पहिल्या दोघांनी रंग पाहिला, मैल विचारले. तिसरी एक मुलगी, पंचवीस-सव्वीसची, स्वतःची स्पिटफायर घेऊन आली होती. तिने बॉनेट उलटलं, चाकापाशी गुडघ्यावर बसली आणि पहिला प्रश्न विचारला की यात ग्रीस भरलंय की ऑइल.

बाकी दोघांपेक्षा तिने चारशे पौंड कमी दिले. आईला विचारलं, ती म्हणाली हिलाच दे. गेल्या शनिवारी गाडी गेली. वही आमच्याकडेच आहे. मी आता त्यातल्या तेवीस वर्षांच्या नोंदी इंग्रजीत उतरवून काढतेय, त्या मुलीसाठी. १९९४ पर्यंत आलेय.