घटस्फोट ठरलाय, पंच्या कुणाकडं राहणार? (मदत हवी आहे)

नमस्कार. आमचा घटस्फोट परस्पर संमतीनं होतोय. मूलबाळ नाही, पोटगी मागितलेली नाही. दागिने, एफडी, गाडी सगळं दोन बैठकांत मिटलं. अडलंय ते कुत्र्यावर.

२०१९ च्या ऑगस्टातला पूर कोल्हापूरकरांना सांगायला नको. पाणी ओसरल्यावर आम्ही दोघं शाहूपुरीत मैत्रिणीच्या घरातला चिखल काढायला गेलो होतो. तिच्या जिन्याच्या अगदी वरच्या पायरीवर एक पिल्लू बसलेलं. बिस्कीट दाखवलं तरी खाली उतरेना. पंचगंगेनं दिलं म्हणून नाव ठेवलं पंचम. गल्लीनं आठवड्यात त्याचा पंच्या केला. आता सहा वर्षांचा घोडा झालाय, पण पावसाची मोठी सर आली की अजून जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसतो, थांबेपर्यंत हलत नाही.

वर्षभर मी राजारामपुरीत आईकडं आहे. पंच्या सासरी, मंगळवार पेठेत. नवऱ्याची पुण्याला बदली झालीय, तो म्हणतो मी घेऊन जातो. माझं म्हणणं, लसीचं पुस्तक माझ्या नावावर, डॉक्टरांची बिलं मी भरलेली, गोचीड ताप आला तेव्हा रोज सलाईनला मी नेलं. वकीलबाईंनी मसुद्यात त्याला ‘फर्निचर व इतर वस्तू’ मध्ये घातलंय, फ्रीजच्या खालच्या ओळीत. वाचून आधी हसू आलं, मग घरी येऊन रडले.

आता जे वकीलबाईंना सांगितलं नाही ते. शनिवारी त्याला मी आईकडं आणते. रात्री जेवत नाही. पहाटे साडेपाचला दाराशी जाऊन उभा. ती सासऱ्यांची, आबांची रंकाळ्यावर फिरायला जायची वेळ. २०१९ ला ‘घरात कुत्रं नको’ म्हणून दोन दिवस अबोला धरलेले हेच आबा. आता चहाबरोबरच्या तीन बिस्किटांतली दोन पंच्याची, एक त्यांचं. (शुगर आहे त्यांना, तेव्हा हिशेब बरोबरच म्हणायचा.)

कायद्यानं पंच्या कुणाचा? संमतीच्या अटींत त्याच्याबद्दल लिहिता येतं का? आणि कुणी यातून गेलं असेल तर तुम्ही काय केलंत?

प्रतिसाद १
ताई, मी वकिली करतो. आपल्याकडं कायद्याच्या लेखी पाळीव प्राणी म्हणजे मालमत्ता. हिंदू विवाह कायदा, १९५५ चं कलम २६ ताब्याबद्दल आहे, पण ते अल्पवयीन मुलांपुरतं. कलम २७ लग्नाच्या सुमारास दोघांना मिळालेल्या वस्तूंचं, त्यात पुरातनं आणलेलं पिल्लू बसत नाही. वाद झालाच तर सांभाळलं कुणी, खर्च कुणी केला हे बघतात, तिथं तुमचं पुस्तक आणि बिलं उपयोगी पडतील. २०२३ मध्ये वांद्र्याच्या मॅजिस्ट्रेट कोर्टानं एका बाईंची अंतरिम पोटगी ठरवताना त्यांच्या तीन कुत्र्यांचाही विचार केला होता, पण तो खर्चाचा प्रश्न होता, ताब्याचा नव्हे.
तुमचा अर्ज कलम १३-ब खाली, म्हणजे परस्पर संमतीचा आहे ना? मग दोघांना मान्य असेल ते अटींत लिहा. फर्निचरमध्ये नको, वेगळा परिच्छेद करा : राहणार कुठं, खर्च कोण देणार, भेटायला कधी न्यायचं. अर्ज केल्यापासून दुसऱ्या मोशनपर्यंत, म्हणजे दोघांनी कोर्टात पुन्हा संमती सांगेपर्यंत, सहा महिने असतात. २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कोर्ट ते माफ करू शकतं, पण तुम्ही घाई करू नका. तेवढ्या काळात ठरवलेलं जमतंय का ते करून बघता येईल.

प्रतिसाद २
आमच्या बहिणीनं ‘पंधरा दिवस तुझा, पंधरा दिवस माझा’ केलं होतं, कोल्हापूर ते पुणे. दर खेपेला सव्वादोनशे किलोमीटर, गाडीत उलट्या, पोचल्यावर दोन दिवस कोपऱ्यात. तीन महिन्यांत बंद केलं. कुत्र्याला माणूस लागतो तसा ठरलेला रस्ता आणि ठरलेली वेळही लागते.

प्रतिसाद ३
सगळं वाचलं. आबांना विचारलं का कुणी?

धागाकर्ती
नव्हतं विचारलं. काल संध्याकाळी गेले. आबा अंगणात पाटावर बसून पंच्याच्या कानामागच्या गोचिड्या काढत होते, शेजारी रॉकेलची वाटी. म्हटलं, आबा, पंच्या तुमच्याकडंच ठेवला तर? त्यांनी वर बघितलंही नाही. “तुमचं दोघांचं ठरू दे आधी.” बऱ्याच वेळानं म्हणाले, “पोरी, पुण्यात घरात जिना असतोय काय?”

नवऱ्याचा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे. रात्री त्याला फोन करून आबांचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, राहू दे तिथंच. खर्च निम्मा-निम्मा. माझ्यापुरतं ठरलं, रविवारी पंच्याला जाऊन भेटणार. सासरी जायचं अवघडच आहे, पण रंकाळ्यावर तर कुणी अडवत नाही.

वकीलसाहेब, आता तुम्हालाच विचारते. अटी आमच्या दोघांत आहेत, त्यात तिसऱ्या माणसाच्या घरी ठेवायचं असं लिहिलेलं चालतं का? आणि आबांचं वय ७४, पंच्याचं सहा. पुढं कधी आबांना झेपेनासं झालं तर काय, हे मसुद्यात कसं लिहितात? आबा तो कागद वाचणार आहेत, त्यांना वाईट वाटणार नाही असं लिहायचंय.